दूरचा रुग्ण, हातातील दूरध्वनी आणि जवळचा वैद्य



चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेला आहे. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद, आणि प्रत्येक पादाचे चार गुण. रोग्याचे म्हणून जे चार गुण तेथे सांगितले आहेत ते असे: स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. रोग्यास सांगितलेले स्मरावे, त्याने सांगितल्याप्रमाणे वागावे, त्याने भिऊ नये, आणि आपणास काय होत आहे हे त्यास वैद्याला सांगता यावे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हे चार शब्द लिहून आम्ही गुण मिळविले. परंतु त्यांचा खरा अर्थ आम्हांस पुष्कळ वर्षांनी, एका एचआयव्हीबाधित रुग्णामुळे कळला. प्रस्तुत लेख त्यासंबंधी आहे.

सदर रुग्ण आपल्या सोलापूर जिल्ह्यातीलच. त्याचे गाव, तालुका वा वय आम्ही येथे सांगत नाही. न सांगण्याचे कारण पुढे येईलच. दरवर्षी दिवाळी झाली की कोयता घेऊन मुकादमाबरोबर ऊसतोडीस जावयाचे आणि गळीत हंगाम संपला की परतावयाचे, हा त्याचा क्रम. एके वर्षी हंगामानंतर तो आमच्याकडे 'ताकदीचे चूर्ण' मागावयास आला. वजन बरेच घटलेले, सायंकाळी ज्वर, कास जुनाट. खोदून विचारता त्याने मान खाली घालून सांगितले की, सोलापूरच्या शासकीय रुग्णालयातून मिळणाऱ्या गोळ्या त्याने चार महिन्यांपासून बंद केल्या होत्या. गोळ्या संपल्या तेव्हा तो फडावर होता. मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळे खाडा पाडून गावाकडे येणे शक्य नव्हते. आणि का जावयाचे हे मुकादमास सांगणे त्याहूनही अशक्य. त्याच काळात कोणी एकाने दूरध्वनीवरूनच त्यास 'आजार मुळापासून नाहीसा करणारी' पुडी टपालाने पाठविली होती. पुडीवर 'शुद्ध आयुर्वेदिक' असे छापलेले होते.

आम्ही त्यास त्याच दिवशी एआरटी केंद्राकडे धाडले. तपासणीत क्षयरोग निघाला. दोन्ही उपचार सुरू झाले आणि तो वाचला. परंतु या प्रसंगातील आमचा दोष आम्ही लपवू इच्छित नाही. हाच मनुष्य हंगामास जाण्यापूर्वी अरुची म्हणून आमच्याकडे येऊन गेला होता. आम्ही त्याची नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, दीपन-पाचन दिले. 'दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत का, आणि येते सहा महिने त्या कोठून मिळणार,' एवढे दोन प्रश्न मात्र विचारले नाहीत. त्याच्या खिशात दूरध्वनी होता, आमच्या मेजावर दूरध्वनी होता. मध्ये काहीशे किलोमीटर होते खरे. पण ते अंतर आमच्या मौनाइतके मोठे नव्हते.

रोगाची आणि उपचाराची आजची स्थिती

एचआयव्हीचा संसर्ग भारतात प्रथम १९८६ मध्ये चेन्नई येथे आढळला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ मध्ये स्थापन झाली आणि १ एप्रिल २००४ पासून मोजक्या शासकीय रुग्णालयांतून विषाणुरोधी औषधे विनामूल्य मिळू लागली. प्रारंभी सीडी-४ पेशींची संख्या एका मर्यादेखाली गेल्यावरच औषधे देत असत. २०१७ पासून निदान होताच प्रत्येकास औषध, हे धोरण आले. २०२० पासून टेनोफोविर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्रॅविर या तीन द्रव्यांची एकच गोळी, दिवसातून एकदा, हा प्रथम पसंतीचा उपचार झाला. आपल्याकडे सोलापुरातील श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. २०२१ च्या शासकीय अंदाजानुसार देशात सुमारे २४ लक्ष एचआयव्हीबाधित होते आणि त्यांपैकी सुमारे ३ लक्ष ९४ हजार महाराष्ट्रात, म्हणजे कोणत्याही राज्याहून अधिक.

औषध नियमित घेतल्यास काय साधते, याचा एक भक्कम पुरावा आपल्या पुण्याशीही निगडित आहे. पुणे व चेन्नई येथील केंद्रांसह नऊ देशांत १७६३ दांपत्यांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. बाधित जोडीदारास लवकर औषधे सुरू केल्यास दुसऱ्यास होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे त्यात दिसून आले. रक्तातील विषाणूंचे प्रमाण औषधाने तपासणीत न आढळण्याइतके खाली जाऊन तेथेच राहिल्यास लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही, हे आज सर्वमान्य आहे. उलटपक्षी, औषधांस 'विश्रांती' देण्याचा परिणामही तपासून झाला आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५४७२ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सीडी-४ पाहून मधूनमधून औषध थांबविणाऱ्या गटात संधिसाधू रोग वा मृत्यू यांचा धोका अखंड औषध घेणाऱ्यांच्या अडीचपटीहून अधिक भरला. सारांश, या व्याधीत औषधाच्या गुणाइतकाच त्याच्या अखंडतेस अर्थ आहे. साखळीची एक कडी तुटली की विषाणू डोके वर काढतो आणि क्वचित औषधासच दाद देईनासा होतो.

आता ही साखळी कोणाची तुटते? सोलापूर शहरातल्या, केंद्रापासून रिक्षाच्या अंतरावर राहणाऱ्या रुग्णाची तुलनेने कमी. करमाळा किंवा माळशिरस तालुक्याच्या टोकावरील गावातून शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर एसटीने यावयाचे, रांगेत उभे राहावयाचे, रात्री उशिरा घरी पोहोचावयाचे आणि शेजाऱ्याने विचारलेल्या 'कुठं गेला होता?' या प्रश्नास दरवेळी नवे उत्तर शोधावयाचे, अशा रुग्णाची साखळी तुटते. महामार्गावरील मालमोटारचालकाची तुटते, हंगामी मजुराची तुटते, आणि नवऱ्याच्या पश्चात सासरी राहणाऱ्या, स्वतःचा दूरध्वनी नसलेल्या विधवेची तर हटकून तुटते. शासनासही याची जाणीव आहे. उपचारांतून निसटलेल्या रुग्णांना शोधून परत आणण्यासाठी २०१७ मध्ये 'संपर्क' नावाची मोहीमच हाती घ्यावी लागली होती. २०२० च्या टाळेबंदीत एकाच वेळी अनेक महिन्यांची औषधे हाती देण्याची सोय व्यापक झाली, ती अशांना मोठाच आधार ठरली. तथापि गोळ्यांची बाटली घरी असणे आणि ती रोज उघडली जाणे, या दोन भिन्न गोष्टी होत.

दोन प्रयोग आणि त्यांतील बोध

दूरध्वनीच्या साहाय्याने ही साखळी राखता येईल काय, याचे शास्त्रशुद्ध प्रयोग झालेले आहेत. त्यांपैकी दोहोंचा उल्लेख येथे आवश्यक वाटतो.

पहिला केनिया देशातला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. औषधे सुरू झालेल्या ५३८ रुग्णांपैकी निम्म्यांना आठवड्यातून एकदा परिचारिकेकडून एकच शब्द लघुसंदेशाने जात असे: 'मांबो?' म्हणजे 'कसं काय?' त्यात रोगाचे नाव नाही, औषधाचे नाव नाही. रुग्णाने ४८ तासांत 'सावा', म्हणजे ठीक, अथवा 'शिदा', म्हणजे अडचण, असे उत्तर द्यावयाचे. अडचण कळविणाऱ्यास, आणि उत्तरच न देणाऱ्यासही, केंद्रातून माणसाचा दूरध्वनी जाई. वर्षाअखेरीस औषध नियमित घेणाऱ्यांचे प्रमाण संदेशाच्या गटात ६२ टक्के, तर दुसऱ्या गटात ५० टक्के भरले. विषाणू दबलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ५७ व ४८ टक्के.

दुसरा प्रयोग आपल्याच देशातला, दक्षिण भारतातील तीन ठिकाणचा. तो २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. ६३१ रुग्णांपैकी एका गटास दर आठवड्यास संगणकाद्वारे त्यांच्या भाषेत स्वयंचलित ध्वनिसंदेश व एक चित्रसंदेश जात असे. रुग्णांचा सुमारे दोन वर्षे पाठपुरावा झाला. उपचार निष्फळ होण्याच्या बाबतीत दोन गटांत लक्षणीय अंतर आढळले नाही.

दोन देश भिन्न, रुग्ण भिन्न, केंद्रांची व्यवस्था भिन्न. त्यामुळे एकास एक लावून निवाडा करणे योग्य नव्हे. तथापि आमच्या मते या दोन प्रयोगांकडे चरकोक्त चार गुणांच्या दृष्टीने पाहिल्यास एक गोष्ट लख्ख दिसते. गजर लावणारा दूरध्वनी रोग्याच्या केवळ स्मृतीस साहाय्य करतो. परंतु आमचा ऊसतोड करणारा रुग्ण गोळी विसरला नव्हता. गोळी त्यास रोज आठवत होती, तीच मुळी संपली होती. त्याच्या ठायी उणे होते ते अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. तो भीत होता, आणि सांगावे कोणास हे त्यास उमगत नव्हते. म्हणून दूरध्वनीने बोलावे कमी आणि ऐकावे अधिक. रुग्ण 'अडचण' म्हणाला की पलीकडे त्याच्या परिचयाचे, त्यास न दटावणारे, आणि काही हालचाल करू शकणारे माणूस असावे. असे माणूस नसेल तर यंत्र कितीही महाग असो, ते रिकाम्या घरात वाजणारी घंटा ठरेल.

ते माणूस कोण असावे?

एआरटी केंद्रातील समुपदेशक ते काम करतातच आणि ते त्यांचेच प्रथम काम आहे. १०९७ हा राष्ट्रीय निःशुल्क साहाय्य क्रमांकही अहोरात्र उपलब्ध आहे. प्रत्येक वैद्याने व औषधालयचालकाने तो तोंडपाठ ठेवावा. परंतु एका केंद्रावर शेकडो रुग्णांचा भार असतो आणि दूरच्या खेड्यातील रुग्णाचा रोजचा परिचय असतो तो गावच्या वैद्याशी, बाजारपेठेतील औषधालयाशी. अरुची, अतिसार, मुखपाक, निद्रानाश, दौर्बल्य यांसाठी तो आपल्याकडेच येतो, आणि पुष्कळदा मूळ व्याधी न सांगता येतो. चतुष्पादांत उपस्थात्याचे गुण सांगितले आहेत ते उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. एचआयव्हीच्या बाबतीत आपण भिषक् म्हणून मिरविण्याचा मोह सोडून उत्तम उपस्थाता व्हावे, हे आमचे स्पष्ट मत आहे.

हे वाक्य कित्येक वाचकांस रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. 'आम्ही पदवीधर वैद्य. दुसऱ्या पॅथीच्या गोळ्यांची आठवण करून देणे हे का आमचे काम?' असा प्रश्न आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी विचारला. आमचे उत्तर असे की, या विषाणूस आयुष्यभर दाबून ठेवणारे सिद्ध औषध आज एकच आहे आणि ते एआरटी केंद्रातून विनामूल्य मिळते. ओजःक्षयाचे, राजयक्ष्म्याचे आपले ज्ञान रुग्णाचे बल, आहार, निद्रा व मन सांभाळण्यास उपयोगी पडेल. परंतु ते त्या गोळीच्या जागी नव्हे, तर तिच्या सोबतीने. ज्याने रुग्णास 'त्या गोळ्या बंद करा, आमचे औषध घ्या' असे सांगितले, त्याने रुग्णाचा घात केला आणि शास्त्राचीही अप्रतिष्ठा केली. औषध नियम, १९४५ च्या 'जे' परिशिष्टात, ज्या रोगांच्या प्रतिबंधाचा वा निवारणाचा दावा औषधाने करू नये अशांची जी यादी आहे, तीत एड्सचा समावेश आहे. कायद्याचे भय दूर राहो. दूरध्वनीवरून पुड्या विकणारा मनुष्य आपल्या शास्त्राचे नाव लावून आपल्याच गावच्या रुग्णास मरणाच्या दारी नेतो, आणि आपण त्यावर मौन पाळतो, याची आपणास लाज वाटली पाहिजे. तो दूरध्वनीचा उपयोग करू शकतो, तर आपण का करू नये?

रुग्णाच्या दूरत्वाची सबब सांगणाऱ्यांस आपल्याच शहराचे एक उदाहरण पुरेसे व्हावे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनमधील जखमींच्या शुश्रूषेस गेले आणि १९४२ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. आपणास एवढे दूर जावयाचे नाही. आठवड्यातून एकदा हातातील यंत्र कानाशी न्यावयाचे आहे.

औषधांच्या संयोगाविषयी सावधानता

उपस्थात्याचा पहिला गुण उपचारज्ञता. रुग्णाशी संपर्क ठेवणाऱ्या वैद्यास व औषधालयचालकास पुढील गोष्टी ठाऊक असणे अत्यावश्यक आहे.

डोल्युटेग्रॅविर हे द्रव्य लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम व जस्त यांच्याशी आतड्यात बांधले जाते आणि त्याचे शोषण घटते. म्हणून लोहाच्या वा कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्याने डोल्युटेग्रॅविर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे, अथवा दोन्ही भोजनासमवेत घ्यावीत, असा दंडक आहे. मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमयुक्त आम्लनाशकांस भोजनाची सवलतही लागू नाही. तेथे अंतरच राखावे लागते. आता आपल्या फडताळाकडे पाहा. मंडूर, लोहभस्म, नवायस लोह यांत लोह; शंखभस्म, प्रवाळ, कपर्दिक, मुक्ताशुक्ती यांत कॅल्शियम; यशदभस्मात जस्त. सूतशेखर व कामदुघा ही तर आपण अम्लपित्तासाठी सहज देतो. हीच धातुद्रव्ये असल्यामुळे भस्मकल्पांसही तेच अंतर पाळणे हा शहाणपणाचा मार्ग होय. रुग्ण रात्री झोपताना एआरटीची गोळी घेत असेल तर आपले भस्म सकाळच्या न्याहारीसमवेत द्यावे. एवढ्याने प्रश्न मिटतो. पण त्यासाठी तो कोणती गोळी केव्हा घेतो हे आपणास माहीत हवे.

टेनोफोविर घेणाऱ्या रुग्णाच्या वृक्कांवर लक्ष ठेवावे लागते. अशा रुग्णास पारद वा नागयुक्त रसौषधी देण्याचे टाळावे, हे आमचे आग्रहाचे मत आहे. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हाही भ्रम नको. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लसणाच्या गोळ्यांनी सॅक्विनाविर या जुन्या विषाणुरोधी औषधाचे रक्तातील प्रमाण सुमारे निम्म्यावर आणले होते. स्वयंपाकातील लसणीची येथे गोष्ट नाही. औषधी मात्रेतील कल्पांची आहे.

कास, ज्वर, भारक्षय आणि रात्री घाम, या चारांपैकी एकही लक्षण कळले तर क्षयाच्या तपासणीसाठी त्वरित पाठवावे. क्षयावरील रिफॅम्पिसीन सुरू झाल्यास डोल्युटेग्रॅविरची मात्रा वाढवावी लागते. म्हणून एआरटी केंद्रास कळविल्याविना क्षयोपचार सुरू होऊ देऊ नयेत.

गुप्तता: शौच या गुणाचा आजचा अर्थ

उपस्थात्याच्या गुणांतील शौच म्हणजे केवळ हात स्वच्छ धुणे नव्हे; या व्याधीत जिव्हेचे आणि दूरध्वनीचेही शौच आले. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. रुग्णाच्या माहितीपूर्ण संमतीविना त्याची बाधितावस्था उघड करण्यास या कायद्याने मनाई आहे. उपचारांत भेदभाव करण्यास बंदी आहे. आणि अशी माहिती बाळगणाऱ्या संस्थांनी ती सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था केली पाहिजे, असे बंधन आहे. दवाखाना लहान असला म्हणून यातून सुटका नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी आपणास आपली गावे ठाऊक आहेत. घरात दूरध्वनी एकच असतो. तो सासऱ्याच्या खिशात असतो किंवा शाळकरी मुलाच्या हातात. 'तुमची एआरटीची तारीख उद्या आहे' एवढा एक संदेश चुकीच्या डोळ्यांनी वाचला तर एका स्त्रीचे घर उठते. म्हणून संदेशात रोगाचे, औषधाचे वा केंद्राचे नाव कदापि नको. केनियातल्या परिचारिकेचे 'कसं काय?' हे शब्द निवडण्यामागे हेच शहाणपण होते. आमच्या लेखात रुग्णाचे गाव आले नाही ते याच कारणाने.

एक व्यवहार्य योजना

आमच्या अनुभवावरून आणि वरील विचारांवरून आम्ही वाचकांपुढे एक साधी योजना ठेवीत आहोत. तीस खर्च नाही, नवे यंत्र नाही.

१. प्रथम रुग्णाची संमती घ्यावी. त्यास समोर बसवून विचारावे: आम्ही दूरध्वनी करू का, कोणत्या क्रमांकावर, कोणत्या वारी, कोणत्या वेळी, आणि दुसऱ्याने उचलल्यास आम्ही काय म्हणावे? तो नको म्हणाल्यास विषय तेथेच संपवावा.

२. शब्द त्यानेच ठरवावा. सोलापुरात घरची भाषा मराठी असेल, कन्नड असेल, तेलुगू असेल वा दखनी. 'सर्व कुशल ना?' यास 'कुशल' किंवा 'अडचण', एवढे उत्तर पुरे. लिहिता-वाचता न येणाऱ्यासाठी मिस्ड कॉलची खूण ठरवावी: एक म्हणजे कुशल, दोन म्हणजे अडचण. रुग्णास एक पैसाही पडत नाही.

३. आठवड्यातून एकदाच. रोजची विचारणा पहाऱ्यासारखी वाटते आणि रुग्ण दूरध्वनी उचलणे सोडतो.

४. उत्तर न आल्यास दोन दिवसांत स्वतः बोलावे. हे काम मदतनिसावर सोपवू नये. रागावू नये. 'गोळी का घेतली नाही?' याऐवजी 'गोळी घेणे कशामुळे जमले नाही?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नास सबब मिळते, दुसऱ्यास कारण.

५. रुग्ण हंगामास वा परगावी जाण्यापूर्वी महिनाभर आधी त्यास एआरटी केंद्राकडे पाठवावे, जेणेकरून अधिक काळाची औषधे वा जवळच्या दुसऱ्या केंद्रातून औषध मिळण्याची सोय त्यास विचारता येईल. ही एक गोष्ट पाळली तरी अनेक साखळ्या तुटावयाच्या वाचतील.

६. दूरध्वनीत रुग्णाची नोंद नावाने वा रोगाने नव्हे, तर केवळ एका अंकाने करावी. अंकांची वही कुलपात असावी. कागदपत्रांची छायाचित्रे कोणत्याही व्हॉट्सॲप समूहात टाकू नयेत, 'मार्गदर्शनासाठी' म्हणूनही नव्हे. दूरध्वनी दुरुस्तीस वा विक्रीस देण्यापूर्वी नोंदी पुसाव्यात.

७. औषधालयचालकांनी गल्ल्यावर सर्वांदेखत व्याधीविषयी प्रश्न करू नये. बलवर्धक कल्प वारंवार नेणाऱ्या गिऱ्हाइकास बाजूस घेऊन 'दुसरी कोणती औषधे चालू आहेत का?' एवढेच सौम्यपणे विचारावे.

८. आपली मर्यादा ओळखावी. एप्रिल २०२० मध्ये तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने आपल्या वैद्यांसाठी दूरचिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार सल्ला देता येतो. परंतु एआरटीची गोळी बदलणे, थांबविणे वा मात्रा कमी-अधिक करणे हे आपल्या अधिकारातले नाही. श्वास लागणे, सततचा ज्वर, तीव्र शिरःशूल, भान हरपणे, कावीळ, अंगभर पुरळ असे काही कळल्यास दूरध्वनीवर चिकित्सा न करता रुग्णास रुग्णालयाकडे हलवावे.

काही आक्षेप

या कामात अर्थप्राप्ती नाही, असे कोणी म्हणतील. ते खरे आहे. परंतु ज्याच्या घरचे एक माणूस आपल्या विचारपुशीने टिकले, त्या घराचा विश्वास आपल्याकडेच राहतो, आणि खेड्यातील वैद्यकास याहून मोठे भांडवल नाही. दुसरे कोणी म्हणतील की, वैद्याकडून दूरध्वनी येतो एवढ्यानेच लोक तर्क लढवतील. त्यावर उपाय असा की, मधुमेह, क्षय, रक्तदाब, गर्भिणी अशा सर्वच दीर्घकालीन रुग्णांस साप्ताहिक विचारणेची प्रथा आपण सुरू करावी. सर्वांनाच दूरध्वनी जात असेल तर कोणा एकाकडे बोट दाखविता येत नाही. तिसरा आक्षेप आम्हीच आमच्यावर घेतो: दूरध्वनीच्या सोयीने आपण नाडी, दर्शन, स्पर्शन विसरू काय? विसरता कामा नये. दूरध्वनी हा भेटीचा पर्याय नव्हे. दोन भेटींमधला धागा आहे.

आपल्या संघटनेस आमची विनंती आहे की, प्रत्येक तालुका शाखेने एआरटी केंद्राच्या समुपदेशकांस एका बैठकीसाठी आमंत्रित करावे, औषधसंयोगाचे वर दिलेले कोष्टक सभासदांच्या हाती द्यावे, आणि 'एचआयव्ही बरा करतो' अशी जाहिरात करणाऱ्या कोणाही सभासदास आपल्यांत स्थान नाही असा ठराव करावा.

ज्या रुग्णाची हकीकत आम्ही आरंभी सांगितली, तो त्यानंतरही हंगामास जातो. जाण्यापूर्वी केंद्रातून पुरेशी औषधे घेऊन जातो. दर रविवारी सायंकाळी आमच्या दूरध्वनीवर एक मिस्ड कॉल येतो आणि आम्ही वहीतल्या एका अंकापुढे खूण करतो. एका रविवारी दोन आले. आम्ही तत्काळ उलट दूरध्वनी केला. तो म्हणाला, "गोळ्या हायत्या, डाक्टर. पर खोपीत पाणी शिरलं, बाटली भिजली. चालंल का?" आम्ही त्यास भिजलेल्या गोळ्या टाकून देण्यास सांगितले आणि एआरटी केंद्रास विचारून, फडाजवळच्या केंद्रातून नव्या गोळ्या कशा मिळतील ते तासाभरात कळविले. मंगळवारी त्याच्या हाती नवी बाटली होती.

चार महिन्यांचा खंड आणि दोन दिवसांचा खंड यांत जे अंतर आहे, तेवढेच आपल्या हाती आहे. तेवढे तरी आपण करावे.